हरमलला चहा न घेणारे पाहुणे

प्रश्न : आम्ही हरमलला दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देतो. यंदा अमेरिकेतल्या युटामधलं एक जोडपं आठवडाभर राहिलं. पहिल्या सकाळी चहा पुढे केला, तर दोघांनी हात जोडून नको म्हटलं. कॉफीही नको. ‘आम्ही मॉर्मन, आमच्या धर्मात चालत नाही,’ म्हणाले. पूर्वज हातगाड्या ओढत युटाला गेले, असंही सांगत होते. हे मॉर्मन कोण? आपल्याकडे ते कधी आले होते का? आणि त्यांच्यात पुरुष अनेक बायका करतात, हे खरं का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : पाहुण्यांनी तुमच्या चहाचा अपमान केला नाही, हे आधी सांगतो. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने 1833 साली खाण्यापिण्याचे नियम घालून दिले. दारू आणि तंबाखू वर्ज्य, ‘गरम पेये’ही वर्ज्य. गरम पेये म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ पुढे रूढ झाला. कोकमचं सरबत किंवा शहाळं त्यांनी आनंदाने घेतलं असतं.

स्मिथ हा 1805 साली व्हरमाँटमध्ये जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. देवदूताने आपल्याला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांवरचा मजकूर आपण दैवी साहाय्याने उतरवला, असं त्याचं म्हणणं. ते पुस्तक 1830 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी छापलं गेलं, पहिल्याच आवृत्तीच्या 5,000 प्रती. ग्रंथाचं नाव ‘बुक ऑफ मॉर्मन’, त्यावरून लोकांनी अनुयायांना मॉर्मन म्हटलं. त्याच वर्षी 6 एप्रिलला चर्चची स्थापना झाली. बायबलच्या जोडीला आणखी एक धर्मग्रंथ आणि वर एक जिवंत प्रेषित, हे बाकीच्या ख्रिश्चनांना मानवणारं नव्हतं. त्यातून ही मंडळी एकगठ्ठा जमीन घ्यायची, एकगठ्ठा मतदान करायची. जिथे वस्ती केली तिथून हाकलली गेली. मिसुरीच्या गव्हर्नरने तर 1838 साली लेखी हुकूम काढला : मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर नष्ट करा. तो हुकूम रीतसर रद्द व्हायला 1976 उजाडलं. 1844 च्या जूनमध्ये इलिनॉयमधल्या तुरुंगात जमावाने शिरून स्मिथला आणि त्याच्या भावाला ठार मारलं. दीडेक वर्षाने, 1846 च्या फेब्रुवारीत, त्याच्या अनुयायांनी इलिनॉयमधलं आपलं गाव सोडलं आणि बैलगाड्या पश्चिमेकडे वळवल्या.

पेडणे-डिचोलीच्या माणसाला हे दुःख मुद्दाम समजावून सांगायला नको. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेऊन ठेवलं. आज आपण ज्या नार्व्याला जातो ते हेच, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देव घेऊन घर सोडणं म्हणजे काय, हे आपल्या मातीला ठाऊक आहे. मॉर्मनांना ओलांडायची होती ती नुसती नदी नव्हती, अर्धा खंड होता, एवढाच फरक.

1847 साली ब्रिगम यंगच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी पुढे गेली. तिच्यात विल्यम क्लेटन नावाचा कारकून होता. आज किती मैल झाले यावर रोज वाद, म्हणून त्याने गाडीचं चाक मोजलं. घेर 14 फूट 8 इंच, म्हणजे 360 फेऱ्यांना बरोबर एक मैल. चाकाला लाल फडकं बांधलं आणि गाडीबरोबर चालत तो दिवसभर फेऱ्या मोजत राहिला. 8 मेला भरल्या 4,070, म्हणजे सव्वाअकरा मैलांवर थोडं. मग तुकडीतल्या सुताराने लाकडी दात्यांचं मोजणीयंत्रच करून दिलं. मागून येणाऱ्यांना पाणी कुठे, चारा कुठे, हे मैलांच्या हिशोबात कळावं, यासाठी ही धडपड. 24 जुलैला यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. युटात त्या दिवशी आजही सुट्टी असते.

तुमच्या पाहुण्यांनी सांगितलेल्या हातगाड्या पुढच्या, 1856 ते 1860 मधल्या. बैलगाडी परवडत नसलेल्या गरिबांसाठी ही युक्ती : दोन चाकांची लाकडी गाडी, माणशी 17 पौंड सामान, आणि आयोवापासून 1,300 मैल पायी. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. 1856 च्या ‘विली’ नावाच्या हातगाडी-तुकडीत मुंबईत जन्मलेली एक बाई होती, एलिझाबेथ झेवियर टेट. नवरा विल्यम टेट कंपनी सरकारच्या फौजेतला. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक 1852 साली मुंबईत उतरला होता. पुढे पुण्यात त्याने छोटी मंडळी जमवली. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रचाराला बंदी केली, तरी 1855 पर्यंत तो टिकून होता. टेट कुटुंब या पंथात आलं ते याच काळात. नवरा अमेरिकेला पुढे गेला होता. एलिझाबेथ लहान मुलीला घेऊन बोटीने निघाली, लिव्हरपूलला ती मुलगी गेली. तिला तिथे पुरून ही बाई अमेरिकेच्या बोटीत बसली.

विली तुकडी आयोवातून निघाली तीच उशिरा, जुलैच्या मध्यावर. आपल्याकडे लावणी उरकते तेव्हा निघायचं आणि कापणीच्या दिवसांत बर्फात सापडायचं, असं झालं. गाड्या ओल्या लाकडाच्या, वाटेत मोडल्या. पीठ संपलं. तुकडीतली साठाहून अधिक माणसं मेली. सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या आल्या नसत्या तर मागे फार थोडी उरली असती. इतक्या उशिरा माणसांना पुढे जाऊ देणं ही पुढाऱ्यांची घोर चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे. माणसांची श्रद्धा मोठी होती, म्हणून ती चूक लहान होत नाही. एलिझाबेथ वाचली, नवऱ्याला भेटली, आणि दोघांनी दक्षिण युटातल्या सीडर सिटीत संसार थाटला. हिंदुस्थानातलं मिशन मात्र 1856 पर्यंत आटोपलं.

बायकांबद्दल : होय, स्मिथच्या हयातीतच बहुपत्नीत्व सुरू झालं होतं आणि 1852 साली चर्चने ते उघड जाहीर केलं. सरकारने कायद्याचा बडगा उगारल्यावर 1890 साली चर्चने तशी लग्नं थांबवल्याचं जाहीर केलं. आज असं लग्न करणाऱ्याला मुख्य चर्चमधून काढून टाकतात. काही फुटीर गटांत ती चाल अजून आहे, तिचा दोष तुमच्या पाहुण्यांवर नको.

ते जोडपं पुन्हा आलं तर शहाळं द्या आणि एलिझाबेथ टेटचं नाव घ्या. त्यांच्या पूर्वजांच्या बरोबरीने हातगाडीची ती वाट चाललेली ही बाई मुंबईची होती, हे त्यांना जरूर सांगा.