भीतीच्या सबबी

वक्तृत्वस्पर्धेच्या दिवशींच ज्याचा घसा बसतो, असा एक तरी विद्यार्थी दर वर्षीं आमच्या वर्गांत असतोच. गतवर्षीं तो नववींतील एक हुषार मुलगा होता. भाषण मुखोद्गत होतें. परंतु आदल्या सायंकाळीं तो मैदानावर इतका ओरडला कीं, सकाळीं तोंडून शब्द फुटेना. आम्हीं त्यास घरीं पाठविलें व आपण दया केली असें मानिलें. पुढें काहीं महिन्यांनीं तोच म्हणाला, “सर, मी मुद्दामच ओरडलों होतों.”

विद्यार्थिमित्रहो, ही निव्वळ लबाडी नव्हे. अभ्यास करून नापास झालों तर आपणांस बुद्धि नाहीं असें ठरेल. न करितां झालों तर ‘वेळ मिळाला नाहीं’ असें म्हणतां येतें. म्हणून मनुष्य आपल्याच वाटेंत धोंडा ठेवितो.

बर्ग्लास व जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग येथें आठवतो. कांहीं विद्यार्थ्यांस न सुटणारे प्रश्न देऊन ‘उत्तम सोडविलेत’ असें सांगण्यांत आलें. दुसऱ्या परीक्षेपूर्वीं दोन औषधांतून एक निवडावयाचें होतें. एक बुद्धीस साह्य करणारें, दुसरें तिला मंद करणारें, असें त्यांस सांगितलें होतें. अशा तरुणांचा ओढा मंद करणाऱ्या औषधाकडे दिसला. ज्यांस सुटणारे प्रश्न मिळाले होते त्यांचा तसा दिसला नाहीं. (मुलींत हा फरक तितका स्पष्ट नव्हता.) पालकांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें. आपण कशामुळें यशस्वी झालों हें ज्यास कळलें नाहीं, त्यास स्तुति ही कर्जासारखी वाटते. ‘आमचा मुलगा जात्याच हुषार’ असें चारचौघांत म्हणतांना आपण त्याच्या डोक्यावर काय ठेवितों?

गांधीजी १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत पहिल्याच खटल्यांत ते उलटतपासणीस उभे राहिले, तों डोकें गरगरूं लागलें व एकही प्रश्न सुचेना. ते खालीं बसले आणि तीस रुपये फी परत केली. घसा बसल्याचें सोंग मात्र त्यांनीं केलें नाहीं! पुढें १८९३ सालीं प्रिटोरियांत त्यांनीं हिंदी लोकांची सभा भरविली व व्यापारांतील सत्य या विषयावर भाषण केलें. आयुष्यांतील पहिलें जाहीर भाषण तें हेंच, असें आत्मचरित्रांत आहे. तेथें ते विषयाची तयारी करून गेले होते. शिवाय स्वतःच्या अब्रूहून त्या लोकांची अडचण त्यांस मोठी वाटली असावी, असें आम्हांस वाटतें. कारण लगेच ते एक न्हावी, एक कारकून व एक दुकानदार यांस त्यांच्या ठिकाणीं जाऊन इंग्रजी शिकवूं लागले. संकोच मात्र पूर्णपणें कधींच गेला नाहीं, असेंही ते लिहितात.

यंदा त्या मुलास ‘तूं जिंकशील’ असें आम्हीं म्हटलें नाहीं. दर शनिवारीं वर्गापुढें तीन मिनिटें बोलावें, हातांत टिपण असलें तरी चालेल, एवढेंच ठरविलें. पहिल्या शनिवारीं चार वाक्यें बोलून तो खालीं बसला. घसा शाबूत होता.