अडीच हजार सगळ्यांनाच सारखे : व्यवसाय कर गरिबाला जड जातो का?

मागच्या आठवड्यात अकोल्याच्या वर्गात व्यवसाय कराचा, म्हणजे आपण ज्याला पीटी म्हणतो त्याचा विषय निघाला. मागच्या बाकावरून एक जण उठला आणि म्हणाला, "सर, मले महिन्याले दहा हजार सुटतात. मलेबी अडीच हजार अन् त्या टिळक रोडवरच्या मोठ्या शेठलेबी अडीच हजार? हे काऊन बापा?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलं, इथे हिशोबासकट देतो.

आधी नियम समजून घ्या

व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९७५ चा. पगारदार पुरुषाला महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत काहीच लागत नाही. ७,५०१ ते १०,००० पर्यंत महिन्याला १७५ रुपये. १०,००० च्या वर पगार गेला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. त्याच्या पुढे पायरीच नाही.

धंदेवाल्यांचं काय? भागीदारी संस्थेतला प्रत्येक भागीदार वर्षाला २,५००. कंपनी असेल तर कंपनीचे २,५००, आणि संचालकाचे वेगळे. जीएसटी नोंदणी घेतली की पीटीची नावनोंदणीही करावी लागते, आणि बहुतेकांना रक्कम तीच.

आता टक्केवारी काढू

वर्षाला १ लाख २० हजार कमावणाऱ्याला २,५०० म्हणजे कमाईच्या २.०८ टक्के. १२ लाखवाल्याला ०.२१ टक्के. १ कोटी २० लाखवाल्याला ०.०२ टक्के. रक्कम एकच, पण पहिल्याच्या खिशावरचं वजन तिसऱ्याच्या शंभर पट. कमाई वाढली की ज्याचं ओझं हलकं होत जातं, त्याला अर्थशास्त्रात प्रतिगामी कर म्हणतात. म्हणजे मागच्या बाकावरचा भाऊ चूक नव्हता.

अजून एक गंमत बघा. धंद्यात भरलेला व्यवसाय कर आयकरासाठी खर्च म्हणून धरता येतो. ३० टक्के आयकर भरणाऱ्याचे त्यातून साधारण ७५० रुपये वाचतात. ज्याचं उत्पन्न आयकराच्या मर्यादेतच येत नाही, त्याचा एक रुपयाही वाचत नाही.

मग सरकार मोठ्यांकडून जास्त का घेत नाही?

घेऊच शकत नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच मर्यादा आहे : एका व्यक्तीकडून वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. आधी ही मर्यादा २५० होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. तेव्हापासून ती तिथेच आहे. १९८८ साली २,५०० ही जड रक्कम होती. आज श्रीमंताला ती जाणवतही नाही, कमी कमाईवाल्याला मात्र जाणवते.

पण छत राज्याच्या हातात नसलं तरी उंबरठा आहे. एप्रिल २०२३ पासून राज्याने पगारदार महिलांसाठी सूट १० हजारांवरून २५ हजारांपर्यंत नेली. पुरुषांची ७,५०० वरच राहिली.

इथे आपल्या कामाचा मुद्दा येतो. समजा अमरावतीत दोन मैत्रिणी २० हजार पगारावर नोकरी करतात. दोघींना पीटी शून्य. त्यांनी नोकरी सोडून भागीदारीत पापड-मसाल्याचा धंदा सुरू केला आणि पहिल्या वर्षी प्रत्येकीला महिन्याला जेमतेम १० हजार सुटले, तरी दोघींचे मिळून ५,००० लागतात. कमाई अर्धी झाली आणि कर शून्यावरून अडीच हजारांवर गेला. २५ हजारांची सूट पगाराला आहे, धंद्याला नाही. माझ्या मते खरा अन्याय इथे आहे, आणि नव्या उद्योजकांनी तो मांडला पाहिजे.

नाण्याची दुसरी बाजू

हा कर कशासाठी आला तेही माहीत असू द्या. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर निघाली. वि. स. पागे यांची ती कल्पना. त्या योजनेला पैसा हवा म्हणून पगारदार आणि व्यापाऱ्यांवर हा कर बसला. पुढे याच योजनेचा अनुभव २००५ च्या देशभरातल्या रोजगार हमी कायद्याच्या कामी आला. म्हणजे कर ज्यासाठी घेतला ते काम गरिबाचंच. म्हणून कोणताही कर तपासताना दोन प्रश्न विचारा : पैसा कोणाकडून आला आणि कोणासाठी गेला? इथे दुसऱ्याचं उत्तर चांगलं आहे, पहिल्याचं लंगडं.

आणि राज्याचे सगळेच कर असे नाहीत. पेट्रोल कारचा कर बघा : १० लाखांपर्यंतच्या गाडीला ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्याच्या वर १३. महाग गाडीला जास्त दर. पेट्रोलवरचा व्हॅट मात्र ऑटोवाल्याला आणि आलिशान गाडीवाल्याला लिटरमागे सारखाच. शिवाय पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे मालाची ने-आण करणाऱ्या छोट्या धंदेवाल्याला त्याचं क्रेडिटही मिळत नाही.

आता तुम्ही काय करायचं?

एक. "अन्याय आहे म्हणून भरत नाही" असं करू नका. तीन वर्षं थांबलात तर ७,५०० आणि वर व्याज, दंड. ज्याचा हात आधीच तंग, त्यालाच ते जास्त लागतं. नावनोंदणी असलेल्यांनी दरवर्षी ३० जूनच्या आत भरा.

दोन. २,५०० म्हणजे दिवसाला साधारण ७ रुपये. गिला वड्याची गाडी असो की शिलाईचं दुकान, हे ७ रुपये भाडं आणि विजेसारखे स्थिर खर्चात धरा, मग भाव ठरवा.

तीन. धंद्याचा प्रकार विचार करून निवडा. चार भागीदार म्हणजे चार वेळा २,५००. नावापुरता भागीदार घेऊ नका.

चार. माणूस कामावर ठेवला आणि पगार सुटीच्या मर्यादेबाहेर गेला, तर पीटी कापून भरणं तुमची जबाबदारी. कापली नाही तर तुमच्या गल्ल्यातून जाते.

पाच. वय ६५ च्या वर असेल किंवा कायम अपंगत्व असेल तर सूट मिळते. घरातल्या कोणाच्या नावाने धंदा असेल तर आपल्या कर सल्लागाराला हे नक्की विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ : मागच्या वर्षी राज्याला तुम्ही काय काय भरलं ते वहीत लिहा आणि प्रत्येकासमोर तुमच्या कमाईची टक्केवारी काढा. तक्रार करायची तर आकड्यानिशी करा. आमदारासमोर असो की व्यापारी संघटनेच्या बैठकीत, "लय कर आहे" म्हणणाऱ्याकडे कोणी बघत नाही. "माझ्यावर २ टक्के आणि त्यांच्यावर ०.०२" म्हणणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

भेटू पुढच्या भागात.