क्लच नवा टाकला, तरी गिअर का ओरडतो?



उसाच्या मोठ्या बांधणीचे दिवस आले की छोट्या ट्रॅक्टरला उसंत नसते. बैलजोड्या कमी झाल्या, रुंद सरी आली आणि १५ ते २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आपल्या शिवारात घरचाच झाला. कामाच्या यंत्राचा क्लच झिजायचाच, प्लेट बदलावी लागायचीच. पण कित्येकदा होते असे की प्लेट नवी कोरी, आणि रिव्हर्स टाकायला गेले की किर्रर्र! लगेच मिस्त्री म्हणतो, "गिअरबॉक्स खोलावा लागतोय बघा." आमचे सांगणे एवढेच, की गिअरबॉक्स खोलण्याआधी पायाखालचे पेडल तपासा.

एका सभासदांचा अनुभव

आपल्या एका सभासदांनी २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा क्लच बदलला. जवळपास प्लेट मिळेना, म्हणून नवी मुंबईत वाशीच्या मार्केटात माथाडी काम करणाऱ्या धाकट्या भावाने ती तिकडून पाठवली. प्लेट बसवली आणि गिअर ओरडू लागला. सगळ्यांनी खापर प्लेटवर फोडले, "मुंबईची प्लेट खोटी निघाली." भावाने फोनवर विचारले, "दादा, जुनी अन् नवी शेजारी ठेवून बघितली का?" जुनी तर भंगारात गेलेली. बिचारा खाडा करून, रात्रीच्या एस.टी.ने दुसरी प्लेट घेऊन आला. ती पहिलीसारखीच निघाली.

तोवर दोन दिवस ड्रायव्हर गिअर रेटून टाकत होता. तिसऱ्या दिवशी मुलगा रोटाव्हेटरची पिन घालायला मागे उभा, गिअर रिव्हर्समध्ये आणि क्लच पूर्ण दाबलेला, तरी ट्रॅक्टर हळूहळू मागे सरकला. पोराने उडी मारली म्हणून खरचटण्यावर भागले.

मग आम्हाला बोलावणे आले. फूटपट्टी लावून पेडल मोजले. पुस्तिकेत मोकळी हालचाल २० ते ३० मिलिमीटर लिहिलेली, प्रत्यक्षात ६५ भरली. दोन पाने आणि पाव तास, एवढ्यात रॉड बसवून झाला आणि किरकिर थांबली. पण रिव्हर्समध्ये टकटक राहिलीच. गिअर ऑइल काढले तेव्हा दाताचा तुकडा बाहेर आला. शेवटी गिअरबॉक्स खोलावाच लागला. प्लेटच्या कितीतरी पट खर्च झाला, आणि दोन एकर ऊस एवढा वाढला की बांधणीला ट्रॅक्टर आत जाईना.

मूळ दुखणे कुठे असते?

क्लचप्लेट ही इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये चिमटलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग क्लचची बोटे दाबते, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लचप्लेट सुटते. ही सूट दोन्ही बाजू मिळून जेमतेम एक-दीड मिलिमीटर असते. तेवढी मिळाली नाही तर प्लेट इंजिनाबरोबर घासत फिरत राहते. तिच्याबरोबर गिअरबॉक्सचा शाफ्टही फिरतो, आणि फिरता दात थांबलेल्या दातावर आदळतो. ऐकू येणारी किर्रर्र ती हीच. आवाज गिअरमधून येतो, पण दुखणे क्लचचे असते.

आता नव्या प्लेटनेच हे का होते ते पाहा. जुनी प्लेट झिजते तशी क्लचची बोटे बेअरिंगकडे सरकत येतात आणि पेडलची मोकळी हालचाल कमी होते. म्हणून आपण वरचेवर रॉड सैल करत आलेलो असतो. नवी जाड प्लेट बसली की बोटे पुन्हा लांब जातात. रॉड मात्र तसाच सैल! निम्मे पेडल नुसते हवेत जाते आणि क्लच अर्धवटच सुटतो.

घरी करायची तपासणी

जागा सपाट व मोकळी हवी. अवजार सोडून ठेवा, पार्किंग ब्रेक लावा. पुढे-मागे कोणीही, विशेषतः मुले, उभी नकोत.

१. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर गिअर सरळ पडत असतील तर लिव्हर आणि फोर्क बहुधा ठीक आहेत. एखादा अडला तर ट्रॅक्टर थोडा हलवून पुन्हा टाका.

२. पेडल हाताने दाबा. जिथे जड लागते तिथपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत ते २० ते ३० मिलिमीटर असते. पण आपल्या पुस्तिकेतला आकडा तोच खरा. जास्त असेल तर रॉड जुळवून घ्या. अजिबात हालचाल न ठेवणेही वाईट. मग बेअरिंग कायम टेकलेले राहते, क्लच घसरतो आणि नवी प्लेट जळते.

३. इंजिन मंद चालवा, क्लच पूर्ण दाबा, पाच आकडे मोजा आणि हलकेच रिव्हर्स टाका. आवाज आला तर क्लच सुटत नाही, असे समजा. थांबल्यावर आवाज येत नसेल आणि घाईत टाकल्यावरच येत असेल, तर दोष बहुधा सवयीचा आहे. आपल्या पुष्कळ ट्रॅक्टरांत मोटारीसारखे चालत्या गाडीत गिअर बदलण्याची सोय नसते. ट्रॅक्टर थांबवून, क्षणभर दम धरून मगच गिअर टाकावा.

४. गिअर नीट पडतात पण पी.टी.ओ.चा लिव्हर तेवढा ओरडतो, आणि क्लच दुहेरी आहे, तर पी.टी.ओ.च्या प्लेटची जुळवणी वेगळी असते. पेडल तळापर्यंत जाते की खाली काही अडते, तेही बघा.

५. हायड्रॉलिक क्लच असेल तर तेलाची पातळी पाहा आणि पाइपातील हवा काढून घ्या.

खोलावेच लागले तर मिस्त्रीजवळ उभे राहा

पेडल बरोबर असूनही आवाज राहिला तर ट्रॅक्टर पुन्हा खोलण्याला इलाज नाही. तेव्हा पुढील गोष्टी डोळ्यांनी पाहून घ्या.

प्लेट उलटी तर बसलेली नाही ना? उलटी बसली की तिचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो. जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवून व्यास, जाडी आणि मधले दात मोजा. म्हणूनच काम मनासारखे होईपर्यंत जुनी प्लेट भंगारात देऊ नका. प्लेट शाफ्टच्या खाचांवर हाताने सहज सरकली पाहिजे. गंज असेल तर साफ करून ग्रीसचा पातळ हात द्यावा. ग्रीस जास्त झाले तर उडून लायनिंगवर बसते आणि प्लेट चिकटते. क्लचची सगळी बोटे एका पातळीत हवीत. फ्लायव्हीलमधले लहान बेअरिंग अडकले असेल तर क्लच सुटूनही शाफ्ट फिरतच राहतो. एवढे खोललेच आहे तर तेही बदलून टाका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ट्रॅक्टरचे दोन भाग जोडताना मागच्या भागाचा भार प्लेटवर लोंबकळू देऊ नका आणि बोल्ट आवळून भाग ओढून घेऊ नका. प्लेट अर्धा मिलिमीटर वाकली तरी वर सांगितलेली सूट तिथेच संपते. आतली धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती छातीला घातक असते.

शेवटी दोन शब्द

किर्रर्र ऐकू आली की लिव्हर रेटू नका. काम थांबवून आधी पट्टी आणि पाना हातात घ्या. आणि क्लच दाबून गिअरात ठेवलेल्या ट्रॅक्टरमागे कोणालाही अवजार जोडायला उभे करू नका. गिअर न्यूट्रल, इंजिन बंद, मगच पिन. घरातल्या तरुणांना हे शास्त्र शिकायचे असेल तर मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची १९५५ पासूनची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे.

मोडलेला दात पैसे टाकून बदलता येतो. उसातून गेलेली बांधणीची वेळ परत येत नाही, आणि मागे उभ्या असलेल्या पोराची किंमत तर कशातच होत नाही.

— शेतकी विभाग