चिंचेनं घासलेली शिवराई

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, असं आजोळची म्हातारी माणसं सांगायची. प्रस्तुत लेखक पायाळू नाही. म्हणून निवृत्तीनंतर त्याने मेटल डिटेक्टर विकत घेतला.

नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला असला नाद लागण्यात नवल नाही. १९०६ साली इथल्याच जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. सव्वातेरा हजारांच्या घरातली नाणी, मुळात सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप नव्याने मारलेला. हरलेल्याचा चेहरा खाली आणि जिंकणाऱ्याची चिन्हं वर. नाणी एकत्र राहिली, एकत्र मोजली गेली, म्हणून सत्ताबदलाचा हा हिशेब हाती आला. तीच वेगवेगळ्या सोनारांकडे गेली असती तर फक्त चांदी उरली असती. लेखकाला हे सगळं तोंडपाठ होतं. चार पाहुणे जमले की तो ऐकवायचाही.

तरीही जे व्हायचं ते झालंच.

शेत ओळखीच्या आप्पांचं. त्याच्या एका कडेला जुनी पांढरी, म्हणजे कधीकाळी गाव नांदलं ती राखेची, भुरकट माती. आप्पांच्या वडिलांनी त्या टेकाडाची माती गाड्या भरभरून मळ्यात पसरली होती. तिने पीक जोमात येतं, हे गावोगाव ठाऊक असतं. पुरातत्त्ववालेही पांढरी शोधतच हिंडतात, हे मात्र गावोगाव ठाऊक नसतं. आप्पा म्हणाले, “फिरा की सर, फक्त ठिबकच्या नळ्या सांभाळा.”

यंत्राच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून जमिनीत चुंबकीय क्षेत्र जातं, धातू असला तर त्यात बारीक प्रवाह फिरतात आणि यंत्र वाजतं. धातू कोणता, कधीचा, हे त्याला नेमकं कळत नाही. पहिल्या तीन रविवारी मिळालं ते असं: सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले, द्राक्षमांडवाच्या तारेचे तुकडे, बैलाच्या पायाची पत्री आणि गुटख्याच्या पुड्या, ज्यांच्या आतल्या चंदेरी कागदालाही यंत्र इमानाने सलामी देतं.

चौथ्या रविवारी वीतभर खाली एक जाड, हिरवट चकती लागली. नखाने माती काढली तर एका बाजूला दोन ओळी, वरच्या ओळीत ‘छत्र’ इतकं लागत होतं. शिवराई! घरी आल्यावर लेखकाने देवाची भांडी घासतात तशी ती चिंच आणि मीठ लावून घासली. दहा मिनिटांत हिरवा थर गेला आणि अक्षरंही गेली. तांबं शेकडो वर्षं मातीत राहिलं की त्याचा वरचा भाग गंजून थर होतो आणि ठशाचा बारकावा त्या थरातच उरलेला असतो. आंबट लावलं की थर विरघळतो, त्याच्याबरोबर बारकावाही. “छान चकचकीत झालं हो,” असं घरातून कौतुकही झालं.

नाण्यांच्या एका जाणकाराने ती चकती भिंगाखाली धरली आणि बराच वेळ काही बोलला नाही. शिवराई शिवकाळात पाडली, पुढे पेशवाईतही पाडली गेली, इंग्रजी अमलातही बाजारात चालली. अक्षरांची घडण, मधली आडवी रेघ एक की दोन (दोन असल्या तर ती ‘दुदांडी’), यावरून काळ जवळपास ठरवतात. “आता शिवराई आहे एवढंच सांगता येईल,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “शेतात नेमकी कुठे होती?” लेखकाने ते टिपलं नव्हतं. बांधाजवळ कुठेतरी.

खरी फजिती पुढेच होती. आप्पांच्या नातवाने फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. एका नाण्याचा हंडा व्हायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या रात्री कोणीतरी बांध तीन ठिकाणी कंबरभर खोदला, ठिबकच्या नळ्या तोडल्या. मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शेतांत मोगलांचं सोनं शोधायला लोक बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन रात्री उतरले होते. ती बातमी वाचून लेखक हसला होता. आप्पांच्या बांधावर उभं राहिल्यावर त्याला हसू आलं नाही. नळ्यांचे पैसे त्याने भरले. आप्पा घेत नव्हते, ही आणखी शरमेची गोष्ट.

त्यानंतर त्याने कायदा वाचला, जो यंत्राच्या आधी वाचायचा असतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर ती काय, कुठे, कोणत्या तारखेला मिळाली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवणारा मात्र नागवला जात नाही: निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. संरक्षित गड, लेणी, टेकाडं यांच्या आवारात यंत्र पिशवीतून काढूसुद्धा नये. तिथे परवान्याशिवाय खोदणं हा वेगळाच गुन्हा.

नांगराच्या तासाखाली जाऊ नये, हे तो आता ज्याला त्याला सांगतो. वरची वीतभर माती नांगराने आधीच उलथलेली असते, खालचे थर अजून जागेवर असतात. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली झुडपाचं मूळ खणताना एका गावकऱ्याला ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, मिळून साठ किलोंच्या वर. त्याची त्यात काही चूक नव्हती. पण वस्तू कोणत्या थरातून आल्या हे जाणत्या नजरेने पाहिलं गेलं नाही आणि त्यांच्या काळाबद्दल पंडितांचा वाद लागला तो लागलाच.

हल्ली लेखक पावसाच्या पहिल्या सरीनंतर नुसता पांढरीवर चालतो. खापरं, बांगड्यांचे काचतुकडे, मणी उघडे पडतात, त्यांना यंत्र लागत नाही. काही दिसलं की उचलण्याआधी शेजारी पट्टी ठेवून फोटो, मोबाइलवर जागेची नोंद, गट नंबर. पाणीसुद्धा लावायचं नाही, कागदाच्या पाकिटात ठेवायचं. फोटो जाणकाराला दाखवायचा. गावाच्या ग्रुपवर नाही.

डिटेक्टर माळ्यावर आहे. गेल्या महिन्यात आप्पांच्या रोटाव्हेटरची पिन गवतात पडली तेव्हा तो खाली काढला. पिन पाच मिनिटांत मिळाली. परतताना बांधापाशी यंत्र पुन्हा वाजलं, स्वच्छ आणि लांब. आप्पांनी लेखकाकडे पाहिलं.

“बिल्ला असेल,” लेखक म्हणाला आणि त्याने बटण बंद केलं.