यकृताची दोन घड्याळे

अर्धायुष्य म्हटले की आपल्याला रेडियम, युरेनियम आठवतात. हीच कल्पना रुग्णालयातही उपयोगी पडते. कशी, ते पाहू.

यकृतात गाठ झालेला एक रुग्ण आहे असे समजा. गाठीसह यकृताचा काही भाग कापून काढता येतो. उरलेला भाग निरोगी असेल, तर तो पुन्हा वाढतोही. पण सिरोसिसने तो आधीच निकामी होत आला असेल, तर शरीराचा भार त्याला पेलत नाही आणि रुग्ण दगावू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी गाठीच्या आकाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो : यकृताची शक्ती किती शिल्लक आहे?

त्याचे उत्तर शोधण्यास रक्तातील प्रथिने मदत करतात. रक्तातील अल्ब्युमिन यकृतातच तयार होते. 100 मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारणपणे 3.5 ते 5 ग्रॅम असते. रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणे हे त्याचे एक काम. ते फार घटले की पायांवर सूज येते. रक्त गोठण्यास लागणारा ‘सातवा घटक’ हेही यकृतातच बनणारे प्रथिन होय.

अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे 20 दिवस, तर सातव्या घटकाचे सुमारे 6 तास. आता समजा, यकृताचे काम एकाएकी थांबले. 24 तास म्हणजे सातव्या घटकाची चार अर्धायुष्ये. तो 1/16 उरेल आणि रक्त गोठण्यास फार वेळ लागेल. अल्ब्युमिन मात्र 4 ग्रॅमवरून जेमतेम 3.86 वर येईल! म्हणजे एक घड्याळ तासांचे, दुसरे आठवड्यांचे. पहिले आजची स्थिती सांगते, दुसरे जुने दुखणे.

परंतु एकाच आकड्यावर विसंबून चालत नाही. मूत्रपिंडातून गळती झाली तरी अल्ब्युमिन घटते; ‘के’ जीवनसत्त्व कमी पडले तरी रक्त उशिरा गोठते. म्हणून 1973 मध्ये लंडनमध्ये प्यू व सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत अल्ब्युमिन, बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा काळ, पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम या पाचांना प्रत्येकी 1 ते 3 गुण देतात. येथे गुण जितके कमी तितके यकृत चांगले! 5-6 गुण म्हणजे पहिला वर्ग. 10 किंवा अधिक असल्यास यकृत कापणे सहसा टाळतात. 2015 मध्ये केवळ अल्ब्युमिन व बिलिरुबिन यांवर आधारलेली पद्धतही पुढे आली.

आता तुम्हीच सांगा : यकृत थांबल्यावर 4 ग्रॅम अल्ब्युमिनपैकी 40 दिवसांनी किती उरेल?