कोल्ह्याला आइस्क्रीम का मिळालं नाही?

पालकहो, कार्टून संपलं की आपला एक प्रश्न ठरलेला असतो, "मग यातून काय शिकलास?" मूलही हुशार. "खोटं बोलू नये", "मित्रांना मदत करावी" असं काहीतरी आपल्या पदरात टाकतं आणि पुन्हा रिमोट हातात घेतं. तात्पर्य मिळालं म्हणून आपण खूश. खरं तर मुलं तात्पर्य फारसं लक्षात ठेवत नाहीत. संकटात निर्णय कोण घेतं, हसायचं कोणाला, मार खाण्यासाठी गोष्टीत कोण असतं, हे मात्र त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं.

'छोटा भीम' घ्या. 2008 पासून तो आपल्या घराघरांत आहे. भीम शूर आणि गुणी. त्याच्यावर सतत जळणाऱ्या आडदांड मुलाचं नाव कालिया. चुटकी चांगली धीट पोरगी, पण मुलांना विचारा, ती आठवते लाडवांसाठी. यात कोणी मुद्दाम विष कालवलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. आपल्या लग्नाच्या जाहिरातींत गोऱ्या रंगाबद्दल आणि मुलींच्या कामांबद्दल जे छापून येतं, तेच भीमच्या ढोलकपुरात पोचलं आहे. म्हणून ते मुलांना खटकत नाही आणि आपल्यालाही नाही.

चेष्टेचा विषय आपणच झालो की मात्र ते खटकतं. अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांना 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतला दुकानदार अपू माहीत असेल. हेल काढून बोलणाऱ्या या भारतीय माणसाला आवाज होता हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. भारतीय मुलांना शाळेत त्याच्या नावाने आणि हेलाने चिडवलं जाई. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने 2017 मध्ये त्यावर माहितीपटच केला आणि 2020 मध्ये अझारियाने तो आवाज देणं थांबवलं.

मग टीव्ही बंद करायचा का? मला तसं वाटत नाही. पूर्वग्रह कसा रुजतो हे लहान मुलाला समजावून सांगणं आपल्याला जमत नाही, पण एखादा चित्रपट ते सहज करून जातो. डिस्नेचा 2016 चा 'झूटोपिया' पाहा. जूडी हॉप्स ही सशाची मुलगी पोलिसांच्या प्रशिक्षणात पहिली येते, तरी पहिल्या दिवशी तिच्या वाट्याला पार्किंगच्या पावत्या फाडण्याचं काम येतं. आपण लगेच तिच्या बाजूचे होतो. एका आइस्क्रीमच्या दुकानात निक नावाच्या कोल्ह्याला हत्ती मालक आइस्क्रीम देत नाही, तेव्हा ती निकसाठी भांडते. वर त्याचं कौतुकही करते, किती छान बोलतोस तू! कोल्हा छान बोलतो याचं तिला नवल वाटतं, आणि निकला तो सूर बरोबर कळतो. मुलांना इथे थोडं थांबून विचारावं, निकला हे कौतुक आवडलं असेल का?

याच जूडीच्या कमरेला कोल्ह्यांना पळवून लावायचा फवारा असतो. आईवडिलांनी निघताना दिलेला, अगदी प्रेमाने, काळजीने. पुढे पत्रकारांसमोर ती बोलून जाते की मांसाहारी प्राण्यांचा हिंस्रपणा त्यांच्या रक्तातच असावा. निक तिला विचारतो, तुला माझी भीती वाटते का? तो एक पाऊल पुढे येतो आणि तिचा हात आपसूक फवाऱ्याकडे जातो. गोष्टीतली सगळ्यात भली व्यक्ती आणि तिचाच हात! माझ्या मते सगळा चित्रपट या एका क्षणात आहे. आपणही मुलांच्या दप्तरात असे फवारे ठेवत असतो. 'त्या वस्तीतल्या मुलांबरोबर डबा खाऊ नकोस.' 'त्यांच्यातले असेच असतात.' तेही काळजीपोटीच.

चित्रपटात एक खोटही आहे. तिथल्या मांसाहारी प्राण्यांनी एके काळी सशांना खरोखर खाल्लेलं असतं, म्हणजे सशांच्या भीतीला जुना का होईना, आधार आहे. माणसामाणसांतल्या जातीधर्माच्या भेदाला तसा काही आधार नाही. मूल मोठं असेल तर हे त्याच्याशी जरूर बोला, हुज्जत घालू द्या.

नुसता पूर्वग्रह दाखवून भागत नाही, मुलाला आशाही दिसावी लागते. 1966 मध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही अवकाशयानावरची मालिका सुरू झाली तेव्हा यानाच्या मुख्य कक्षात निशेल निकल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अधिकारी म्हणून बसलेली होती. मोलकरीण म्हणून नव्हे. तिथेच आशियाई वंशाचा सुलू. पुढच्या वर्षी, ऐन शीतयुद्धात, रशियन चेकॉवही आला. त्यांच्या तिथे असण्याचं कौतुक कोणी करत नाही, ते फक्त आपापलं काम करत असतात. निकल्स मालिका सोडणार होती. एका समारंभात भेटलेल्या डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवलं, ही हकीकत तिने पुढे अनेकदा सांगितली. आपल्या मुलांना रात्री जागून बघू देतो ती हीच मालिका, असंही किंग यांनी तिला सांगितलं होतं. बाप म्हणून त्यांनी केलेली ही निवड मला फार मोलाची वाटते. ती मालिका बघत वाढलेली मे जेमिसन 1992 मध्ये अवकाशात गेली, तिथे जाणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री.

त्याच मालिकेचा जानेवारी 1969 मधला एक भाग किशोरवयीन मुलांना दाखवण्यासारखा आहे. त्यात एकाच ग्रहावरचे दोघे हाडवैरी आहेत, दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. वैराचं कारण यानावरच्या कोणाला दिसतच नाही. ते सांगावं लागतं: एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची पांढरी! शेवटी ग्रहावर कोणीच जिवंत उरलेलं नसतं, तरी हे दोघे एकमेकांचा पाठलाग सोडत नाहीत. आजच्या मुलांना चित्रीकरण जुनाट वाटेल, वाटू द्या.

येत्या रविवारी सात-आठ वर्षांच्या मुलाशेजारी 'झूटोपिया' बघायला बसा. जग्वार अंगावर धावून येतो तो प्रसंग दचकवणारा आहे, तेव्हा लहानग्याला जवळ घ्या. प्रवचन नको. विचारायचंच तर एवढंच विचारा, "यातलं कोण व्हायला तुला मुळीच आवडणार नाही?" उत्तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. त्यात आपल्याच घरातलं एखादं वाक्य ऐकू आलं, तर ते आपलं आहे हे मुलासमोर मान्य करा.