गेम सुटला म्हणून खूश होण्याआधी

मोबाईल गेम आणि कॉम्प्युटर यांवरून होणारी भांडणं आपल्या घरांना नवी नाहीत. ताट वाढून ठेवलेलं असतं, पोरगा कानाला हेडफोन लावून बसलेला असतो आणि आई हाका मारून दमते. आज मात्र याच्या उलट बाजूबद्दल बोलायचं आहे. ज्या पोराने वर्षभर पैसे साठवून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड कॉम्प्युटर आणला, ज्याला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डांची नावं तोंडपाठ होती, त्याने एकाएकी तिकडे बघणंच सोडलं तर काय समजायचं?

बहुतेक घरांना हायसं वाटतं. "सुटला बाई एकदाचा," असं शेजारणीला सांगितलं जातं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही वेळा ती आजाराची पहिली खूण असते. घर आनंदात असल्यामुळे त्या खुणेकडे कोणाचं लक्ष जात नाही. हा फरक घरच्या घरी कसा ओळखायचा आणि पुढे काय करायचं, ते समजून घेऊ.

उत्साह कमी होणं साहजिक कधी असतं?

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. "आता मिळणार" ही जी ओढ असते, तिच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. वस्तू हातात आली, रोजची झाली, की ओढ ओसरते. नवीन मोबाईल पहिल्या आठवड्यात रुमालाने पुसला जातो आणि तीन महिन्यांनी गादीखाली सापडतो, तो याच कारणाने. गेमच्या कंपन्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून त्या सतत नवा सीझन, नवी बंदूक, नवे कपडे आणत राहतात. एक तृष्णा पुरी झाली की दुसरी उभी राहते, हे तथागतांनी सांगितलं. त्यावरच हा धंदा चालतो.

बाहेरची कारणंही असतात. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली. पुढे २०२१ मध्ये त्याचाच भारतासाठीचा अवतार आला, २०२२ मध्ये तोही बंद झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. या चालू-बंदमध्ये पोरांचे कितीतरी ग्रुप फुटले. कॉम्प्युटरवाल्यांचं तसंच. २०२०-२१ च्या सुमारास जगभर चिपची टंचाई आली आणि ग्राफिक्स कार्डांचे भाव आवाक्याबाहेर गेले. त्यानंतर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा बंद झाली आणि बरेच चालते कॉम्प्युटर एका दिवसात "जुने" ठरले. अशा शर्यतीत धावून एखादा पोरगा कंटाळला, तर त्यात काळजीचं काही नाही.

वयाचाही भाग आहे. सोळाव्या वर्षी रात्रभर खेळणारा मुलगा चोविसाव्या वर्षी डोंबिवलीहून गर्दीची लोकल पकडून कामाला जातो. घरी येतो तेव्हा त्याला झोप हवी असते.

तीन प्रकारची मुलं

घरातला मुलगा यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो, ते बघा. मुलींनाही हे लागू आहे. मुलगी गप्प झाली की आपण "शहाणी झाली" म्हणतो, म्हणून तिच्याकडे जास्तच लक्ष द्या.

पहिला प्रकार: रस दुसरीकडे वळला. गेम सुटला, पण तो नाक्यावर मित्रांत हसतो. क्रिकेट खेळतो, अभ्यासिकेत जातो, जयंतीच्या वर्गणीसाठी फिरतो. जेवण आणि झोप ठीक आहे. हा मुलगा मोठा झाला, इतकंच. त्याला टोमणे मारू नका.

दुसरा प्रकार: रस गेला, पण हात थांबत नाही. "मजा येत नाही" असं तो स्वतःच म्हणतो, तरी पहाटेपर्यंत खेळतो किंवा एकामागून एक रील सरकवत राहतो. चेहऱ्यावर हसू नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आला आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेमला जास्त महत्त्व येतं, नुकसान दिसूनही खेळणं चालूच राहतं, आणि हे साधारण वर्षभर टिकतं, तेव्हा डॉक्टर तो विकार धरतात. तीव्र असेल तर त्याआधीही धरतात. त्याला उपचाराची गरज आहे. मोबाईल हिसकावून किंवा फोडून तो बरा होत नाही.

तिसरा प्रकार: रस सगळ्यातूनच गेला. गेम सुटला, त्याबरोबर मित्र सुटले, आवडीची भाजी आवडेनाशी झाली, अंघोळ दोन-दोन दिवस राहते. पोरगा भिंतीकडे तोंड करून पडून असतो. जास्त भीती या तिसऱ्या प्रकाराची आहे. याला डॉक्टरी भाषेत नैराश्य म्हणतात.

निब्बिदा आणि थिनमिद्ध

हा फरक आपल्या धम्माच्या भाषेत सहज समजतो. एखाद्या गोष्टीचं खरं स्वरूप कळल्यामुळे तिच्यातून मन निघतं, त्याला पालीत निब्बिदा म्हणतात. निब्बिदा आलेला माणूस हलका होतो, त्याला मोकळं वाटतं. पाच नीवरणांमध्ये थिनमिद्ध सांगितलं आहे, म्हणजे मनाला आणि शरीराला आलेली जडता. त्यात माणूस दबून जातो. बाहेरून दोघेही गेम बंद करून बसलेले दिसतात. एकाच्या अंगात चैतन्य असतं, दुसऱ्याला उठून पाणी प्यायचाही कंटाळा येतो.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नैराश्याच्या आजाराला नुसता आळस म्हणून "ध्यानाला बस, सगळं जाईल" असं सांगून सोडू नका. ध्यानाची मदत होऊ शकते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचारांसोबत. मागच्या जन्माचं कर्म, करणी, बाहेरची बाधा हे तर आपल्या दारातही यायला नको. मागच्या जन्माच्या कर्माने आजचं दुःख ठरतं, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारला आहे.

दोन आठवडे, दोन प्रश्न

दवाखान्यात नैराश्याची पहिली चाचपणी दोन साध्या प्रश्नांनी करतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का? आणि मन उदास, निराश असतं का? दोन्ही प्रश्नांना, किंवा एकालाही, "बहुतेक दिवस होतंय" असं उत्तर आलं तर डॉक्टरांना दाखवायचं. हे प्रश्न आईनेही विचारायला हरकत नाही. फक्त सगळ्यांसमोर नको. रात्री दारात बसून, किंवा दुकानावर जाता-जाता विचारा. समोरासमोर बसवून घेतलेल्या चौकशीपेक्षा चालता-चालता मुलं जास्त बोलतात.

वयात येणारी मुलं "मी उदास आहे" असं म्हणत नाहीत. ती चिडतात. दार आपटतात, "मला सोडा" म्हणतात. हीसुद्धा नैराश्याची खूण असू शकते.

मागे काय असू शकतं?

शरीर: रक्त कमी असणं, थायरॉइड, क्षयरोग यांतही माणूस गळून जातो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. रात्रपाळी करणाऱ्या मुलाची झोप किती तास होते, तेही मोजा.

पैसा: पैसे लावून खेळायच्या गेममध्ये तो हरला असेल, लोन ॲपचे फोन येत असतील. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा हे खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आहे. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. म्हणून भिऊन लपवू नका. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच तक्रार करा.

अपमान: गेममध्ये अनोळखी मुलांशी माइकवर बोलणं होतं. आडनाव कळलं, प्रोफाइलवर बाबासाहेबांचा फोटो दिसला, की शिव्यांची भाषा बदलते. हेच कॉलेजात होतं, कामावरही होतं. पोरगा घरी सांगत नाही, कारण आई-बापाला वाईट वाटेल. तो गप्प बसून सगळं बंद करतो. मुलाने असं काही सांगितलं तर "आपण लक्ष द्यायचं नाही" एवढ्यावर थांबू नका. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट ठेवा, कार्यकर्त्यांशी बोला आणि वकिलाचा सल्ला घ्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा याचसाठी आहे. धर्मांतरित बौद्धांनाही तो लागू आहे.

नशा: दारू, गांजा किंवा एमडी सुरू झाली तरी जुने छंद गळून पडतात.

इथे दोन आठवडे थांबायचं नाही

मुलगा "माझा काही उपयोग नाही" असं बोलू लागला, निरोप घेतल्यासारखं वागू लागला, जीव नकोसा झाल्याचं म्हणाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणखी एक खूण घरच्यांना कळत नाही. जिवापाड जपलेला कीबोर्ड, हेडफोन, वर्षानुवर्षं खेळून वाढवलेली गेमची आयडी तो मित्रांना फुकट वाटून टाकतो. पैशाची नड म्हणून विकणं वेगळं. कारण न सांगता वाटून टाकणं ही निरवानिरव असू शकते.

अशा वेळी सरळ विचारा, "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. विचारल्याने मुलाला बोलायला जागा मिळते. त्याला एकटं सोडू नका. उंदीर मारायचं औषध आणि गोळ्यांचे साठे घरातून हलवा. आत्महत्येचा प्रयत्न झालाच, तर पोलिसांच्या भीतीने घरगुती उपाय करत बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र तणावात होता असं धरलं जातं. त्याला शिक्षा करण्याऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

कुठे जायचं?

फोन: टेलिमानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनीही फोन करून सल्ला घ्यावा.

दवाखाना: कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय, कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. केसपेपर काढून डॉक्टरांना सगळं सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी मागा.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय: हे १९०१ सालचं आहे. "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद महाराष्ट्रभर चालतो, आणि त्यापायी आपण ठाणेकरच तिथलं फाटक ओलांडायला लाजतो. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी दाखवून, औषध घेऊन दुपारी घरी परतता येतं. दाखवायला गेलं म्हणजे भरती करतात, असं नाही.

गोळ्यांविषयी: नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. सुरुवातीच्या दिवसांत मुलगा जास्त अस्वस्थ वाटला तर लगेच डॉक्टरांना सांगा. या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांची नशा लागत नाही.

घरात काय करायचं?

विनयात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो आमच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून इतरांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हाताने धुतलं, उचलून खाटेवर निजवलं आणि एकमेकांची शुश्रूषा करण्याची जबाबदारी संघावर टाकली. वॉर्डात काम करताना मला हा प्रसंग नेहमी आठवायचा. घरात पडून असलेल्या पोराला "फुकट खातो" म्हणताना तो तुम्हीही आठवा.

कामं छोटी ठेवा. सकाळी अंघोळ, दोन वेळा सगळ्यांसोबत जेवण, संध्याकाळी वीस मिनिटं चालणं. मूड आला की करेल, अशी वाट बघू नका. या आजारात आधी हालचाल होते, मूड मागून येतो. रविवारी वंदनेला सोबत न्या, पण तिथे चारचौघांत त्याची गोष्ट काढू नका. थोडं बरं वाटू लागलं की त्याच्या हाताला ओळखीचं काम द्या. विहारातला बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करणं, लहान मुलांना टायपिंग शिकवणं. त्याला पूर्वीसारखा गेम खेळावासा वाटला आणि तो मित्रांसोबत तासभर हसत खेळला, तर ओरडू नका. या मुलाच्या बाबतीत ती बरं होण्याची खूण असू शकते.

या आठवड्यात एवढं करा. घरातल्या, शेजारच्या ज्या मुलाने गेम सोडल्याचं तुम्ही कौतुकाने सांगितलंत, त्याला विचारा: "हल्ली तुला कशात मजा येते रे?" उत्तर आलं तर ऐकून घ्या. "कशातच नाही" असं म्हणाला, तर १४४१६ हा नंबर त्याच्यासमोर बसून लावा.

नमो बुद्धाय. जय भीम.